बदलापूरचा भाव, अमळनेरचा ओटा

श्रावणात आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीचं विसर्जन करून माणसं नदीवरून परतली की अमळनेरच्या आमच्या गल्लीत ओट्यावर बैठक बसते. सुरत, नाशिक, कल्याण, पुणे, जिथे जिथे भाऊबंदकी पांगली आहे तिथून सगळे रोट, म्हणजे कानबाईचा प्रसाद, खायला आलेले असतात. चहा फिरतो आणि गावातला कोणी नाना विचारतो, “काय भो, तुमनाकडे आते काय भाव चालू शे?” पूर्वी भाव म्हटला की तो कापसाचा, आणि तो गावातच कळायचा. आता विचारतात तो फ्लॅटचा.

उत्तर द्यायला माझा चुलतभाऊ तयारच असतो. राहायला बदलापूर, नोकरी दादरला. “वन बीएचके पस्तीसला गेला नाना. स्टेशनजवळ चाळीस.” त्याने स्वतःचा घेतला 2010 मध्ये, 13 लाखांना. ओट्यावर क्षणभर सगळे गप्प. ज्याची कपाशी बोंडअळीने खाल्ली तो नुसती मान हलवतो. तेराचे पस्तीस! शेतात असं कधी झालं?

मी स्वतः बदलापूरला नऊ वर्षं काढून परत अमळनेरला आलोय, त्यामुळे या गप्पांत तोंड घालायचा थोडा हक्क आपल्याला आहे असं मी धरून चालतो. माझं म्हणणं दरवर्षी तेच असतं आणि दरवर्षी कुणाला पटत नाही. राज्याच्या राजधानीच्या, म्हणजे मुंबईच्या, बाहेर, लोकलच्या टोकाटोकाला घरांचे जे भाव वाढतायत, त्यात आपली कमाई फार थोडी आहे. तो भाव अंतराचा आहे, आणि त्या अंतराचा खर्च आपल्याच खिशातून जातो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

आधी त्या तेराच्या पस्तिसाचं बघू. भावाने गावाकडची दोन एकर कोरडवाहू विकून 3 लाख उभे केले आणि 10 लाखांचं कर्ज घेतलं, 20 वर्षांचं. व्याजदर वर-खाली झाले, आपण सरासरी 9 टक्के धरू. महिन्याचा हप्ता जवळजवळ 9,000. पंधरा वर्षांत त्याने 16 लाख 20 हजार भरले. शेताचे 3, स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन आणि वास्तुशांत मिळून लाखभर, म्हणजे 20 लाख गेले आणि बँकेचे अजून सव्वाचार लाखांच्या वर बाकी आहेत. बरं, पस्तीस हा भाव नव्या टॉवरचा. त्याची बिल्डिंग चार मजली, लिफ्ट नाही, भोगवटा प्रमाणपत्राचा घोळ आहे, जमीन अजून सोसायटीच्या नावावर झालेली नाही. एजंटला घर दाखवलं तर तो भिंतीवरची ओल बघतो, जिना बघतो आणि “सव्वीस-सत्तावीस धरा काका” म्हणतो. सत्ताविसातून बँकेचं देणं वजा केलं की हातात येणार पावणेतेवीसच्या आत. घातले वीस. मधल्या काळात भाडं वाचलं हे कबूल, आणि ते कमी नाही. पण ओट्यावर जो आकडा ऐकून लोक गप्प होतात तो हा नव्हे.

आपण ऐकतो ते भाव नेहमी नव्या बुकिंगचे असतात. घर जसं जुनं होतं तशी भिंत, पाइप, जिना यांची किंमत उतरते. वाढते ती फक्त खालच्या जमिनीची. मुंबईत भावातला मोठा हिस्सा जमिनीचा असतो म्हणून दादरची पडकी चाळही सोन्याची. बदलापूर-वांगणीला भावातला मोठा हिस्सा सिमेंट-लोखंड-मजुरीचा असतो. तिथली इमारत म्हातारी झाली की मालकाच्या वाट्याला जमिनीचा जो तुकडा उरतो तो लहान, आणि सोसायटीच्या नावावर नसेल तर कागदावर तोही नाही.

आता जरा मजा बघा. 2010-11 मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 3,000 रुपये होता. 2025-26 मध्ये तो 8,110 झाला. म्हणजे 2.7 पट. तेराचे पस्तीस म्हणजे सुद्धा बरोबर 2.7 पट. ज्या कापसाला वैतागून शेत विकलं, त्याचा सरकारी भाव आणि नव्या टॉवरचा भाव जोडीने चालत आले. (हमीभाव शेतकऱ्याच्या हातात पडतो का, हा वेगळा आणि रडका विषय आहे.) जळगावच्या सराफ बाजारात वाढलेली माझी मावशी याहून एक पायरी पुढे जाते. 2010 मध्ये सोनं तोळ्याला अठरा-साडेअठरा हजार होतं, 2025 मध्ये लाख ओलांडून गेलं. “त्या तीन लाखांचं सोळा तोळे घेतलं असतं तर?” असं ती विचारते. सोन्यात राहता येत नाही आणि सोन्यासाठी बँक वीस वर्षांचं कर्ज देत नाही, म्हणून मावशीचा हिशेब पूर्ण बरोबर नाही. पण घरासारखी वाढ कशालाच नाही, असं जे आपण धरून बसलोय त्याला त्याने टाचणी लागते.

या हिशेबात अजून एक रक्कम धरलेली नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कल्याण 54 किलोमीटर, बदलापूर 68, कर्जत 100, कसारा 121. बदलापूरच्या घराच्या दारापासून दादरच्या ऑफिसच्या खुर्चीपर्यंत, स्टेशनची रिक्षा आणि पुलावरची गर्दी धरून, पावणेदोन तास. जाऊन-येऊन साडेतीन. वर्षाचे 290 दिवस धरले तर हजार तासांच्या वर. पंधरा वर्षांत पंधरा हजार तास, म्हणजे दिवस-रात्र मोजून पावणेदोन वर्षं माझा भाऊ लोकलमध्ये राहिला. त्यातला बराच काळ एका पायावर, नशीब चांगलं असलं की तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून. बदलापूरला गाडी सुटते तिथे बसायला मिळेल म्हणावं, तर अंबरनाथ-उल्हासनगरचे लोक उलटे डाऊनला येऊन जागा धरून बसलेले असतात. मीही नंतर तेच करायचो, कर्जतहून येणाऱ्या गाडीसाठी वांगणीपर्यंत उलटा जायचो. बसून यायचं म्हणून आधी विरुद्ध दिशेला प्रवास. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर त्याला वाटतं आपण गंमत करतोय.

मुंबईच्या लोकलमार्गांवर रोज सरासरी सहा-सात माणसं मरतात. रूळ ओलांडताना, खांबाला आपटून, दारातून पडून. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली, त्यात जीव गेले. त्या लांबून येणाऱ्या-जाणाऱ्या लोकल होत्या. लांबचं घर स्वस्त का, याचं एक उत्तर त्या दारात लटकलेलं असतं.

राजधानीच्या आसपासचे भाव ठरतात कसे, ते एका ओळीत सांगता येतं: मुंबईच्या भावातून गाडीचा त्रास वजा केला की उरतो तो बदलापूरचा भाव. त्रास कमी होणार अशी नुसती आवई उठली तरी भाव चढतो. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी रेल्वे मार्गिका 2019 मध्ये मंजूर झाली. सहा वर्षं उलटून गेली तरी काम चालूच. पण जाहिरातीतल्या भावात ती मार्गिका केव्हाच धावू लागली. कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रोचं तर अजून कागदावरच चाललंय, आणि साइटवरचा पोरगा हात करून सांगतो, “सर, मेट्रो स्टेशन इथे येणार.” समोर भाताचं खाचर आणि त्यात बगळे. नवी मुंबईकडच्या उलव्यातही हेच झालं. समुद्रावरून तिकडे मुंबई जोडणारा अटल सेतू 12 जानेवारी 2024 ला सुरू झाला, पण तिकडचे भाव सेतूवरून पहिली मोटार जायच्या कितीतरी आधीपासून चढत होते. आणि सेतू झाल्यावर कळलं की मोटारीला एका फेरीचा टोल 250 रुपये आहे. वन बीएचकेवाला रोज तो भरणार आहे थोडाच.

गाडीच्या घोषणेने जी किंमत वाढते ती कोणाच्या खिशात जाते, हे बघायला पाहिजे. रेल्वे, पूल, मेट्रो बांधायचे पैसे सगळ्यांचे, त्यात माझे अमळनेरचेही. पण घोषणेच्या दिवशी भाग्य उजळतं ते आधीच जमीन धरून बसलेल्याचं. त्याला त्या दिवशी एक पैसा भरावा लागत नाही. बिल्डर विकास शुल्क भरतो, पण ते तो चौरस फुटाच्या दरात धरतो. शेवटी येतो आपला माणूस, जो वाढलेल्या भावाने घर घेतो. तो सब-रजिस्ट्रारकडे जातो, तेव्हा ठाण्यासारख्या शहरात त्याच्याकडून स्टॅम्प ड्युटीवर मेट्रोसाठी म्हणून आणखी 1 टक्का अधिभार घेतला जातो. 1 एप्रिल 2022 पासून तो चालू आहे. 40 लाखांच्या घराला 40,000. म्हणजे येणाऱ्या मेट्रोची किंमत त्याने एकदा बिल्डरला दिली, दुसऱ्यांदा सरकारला. तिसऱ्यांदा तिकीट काढेल, मेट्रो आली की.

उलटं करता आलं असतं. सार्वजनिक कामामुळे जमिनीची किंमत वाढली तर त्या वाढीतला वाटा जमीनमालकाकडून घ्यायची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात, नगररचना योजनांपुरती, तशी सोय आहे. स्टेशनच्या दोन-तीन किलोमीटरच्या टापूत मार्गिका जाहीर होईल त्या दिवसापासून पडीक धरून ठेवलेल्या जमिनीवर तसा आकार बसवा आणि घर घेणाऱ्यावरचा अधिभार काढा. जमीन धरून ठेवणं महाग झालं की ती लवकर बाजारात येईल आणि भाव थोडा दमाने चढेल. हे कुणी का करत नाही, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. जमिनी कोणाच्या आहेत ते कुठल्याही नाक्यावर विचारा.

गाडी बंद पडल्यावर घराचं काय होतं तेही आपण पाहिलंय. मार्च 2020 मध्ये लोकल थांबली. सर्वांसाठी ती नीट सुरू व्हायला, तीही दोन डोस घेतलेल्यांसाठी, 15 ऑगस्ट 2021 उजाडला. मधे फेब्रुवारीत ठराविक वेळांपुरती उघडली आणि पुन्हा बंद झाली. त्या काळात माझा भाऊ पहाटे चारला उठून एसटीच्या रांगेत उभा राहायचा. बसने एका बाजूला अडीच-तीन तास. घर तेच, त्याची खिडकी तीच, पण त्या दीडएक वर्षात ते घर मुंबईपासून नाशिकइतकं लांब जाऊन बसलं. गंमत अशी की याच काळात सरकारने स्टॅम्प ड्युटी 5 वरून 2 टक्क्यांवर आणली, सप्टेंबर ते डिसेंबर 2020, आणि नोंदणी कार्यालयांपुढे रांगा लागल्या. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, 4 टक्क्यांवर होता, कर्ज स्वस्त होतं. लोकल बंद आणि बुकिंग जोरात. ज्या गाडीच्या भरवशावर भाव चढतो ती गाडीच नसताना लोक घरं घेत होते. स्टॅम्प ड्युटीत वाचलेले लाख-सव्वा लाख त्यांना दिसत होते, गाडीचं बघू पुढे. नंतर मे 2022 पासून रेपो चढत चढत फेब्रुवारी 2023 मध्ये 6.5 वर गेला आणि बँकांनी हप्ता तेवढाच ठेवून कर्जाची वर्षं वाढवली. कितीतरी जणांना हे आपलं कर्ज निवृत्तीच्या पुढे गेल्यावर कळलं.

सगळं माहीत असून आपण तिकडे घर घेतोच का? मला वाटतं याचं खरं उत्तर बदलापूरला नाही, खान्देशातल्या लग्नाच्या बायोडाटात आहे. आमच्याकडे दहा एकर बागायतीच्या पोराला मुलगी मिळत नाही. खासगी नोकरी, पगार वीस-बावीस हजार, पण बायोडाटात शेवटची ओळ ‘कल्याण येथे स्वतःचा फ्लॅट’ अशी असली की पाहुणे गाडी करून येतात. मध्यस्थ फोनवर पहिला प्रश्न नोकरीचा विचारत नाही. “रूम स्वतःनी शे का भाडानी?” हा पहिला. माझ्याच मेहुण्याचं लग्न एका वन आरकेच्या टोकन-पावतीवर ठरलं. पझेशन मिळेपर्यंत त्याची मुलगी बालवाडीत जाऊ लागली होती. बिल्डरने दोन वर्षं उशीर केला, दर महिन्याला एक नवं कारण. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा रेरा कायदा 2017 पासून पूर्ण लागू झालाय, तक्रार करता आली असती. त्याने केली नाही. “बायको-पोर घेऊन तारखांना कुठे जाऊ?” म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं.

तेव्हा लोकलच्या टोकाला भाव चढतो त्यात जसा गाडीचा हिस्सा आहे, तसा थोडा आमच्या सोयरिकींचाही आहे. हे हसण्यावारी न्यायचं नाही. घर राहायला किती किमतीचं आहे हे भाडं सांगतं. आज बदलापूरला साधारण वन बीएचके आठ-नऊ हजारांत भाड्याने मिळतो. तोच पस्तिसाला विकत घ्यायचा म्हटलं आणि 28 लाख कर्ज काढलं, तर साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता 24,000 च्या वर. आठ-नऊ हजार राहण्याचे. उरलेले पंधरा कशाचे? भाव वाढेल या आशेचे, सासरेबुवांपुढच्या इभ्रतीचे, आणि दर 11 महिन्यांनी सामान हलवायला लागू नये म्हणून मोजलेले.

ते शेवटचं कारण मी मनापासून मान्य करतो. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, दर वेळी दलाली, डिपॉझिट, पोलीस नोंद, आणि मालकाच्या मनात आलं की खोली खाली करा. पोराची शाळा दरवर्षी कोण बदलणार? नऊ वर्षांत मी चार घरं बदलली. तिसऱ्या वेळी टेम्पोत गादीवर बसलेल्या माझ्या मुलाने विचारलं, “पप्पा, आपण परत कोणत्या गावाला चाललो?” आम्ही दोन गल्ल्या पलीकडे चाललो होतो. भाड्याने राहणं इतकं अस्थिर करून ठेवलंय की माणूस कर्जाला जवळ करतो. सुटका म्हणून.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, 2008 मध्ये भाड्याच्या घरांची योजना आणली होती, 160 चौरस फुटांच्या खोल्या. खोली लहान होती, टीका करण्यासारखं पुष्कळ होतं, पण विचार बरोबर होता: जो माणूस कामापुरता आलाय त्याला कामापुरतं घर. ती योजना त्या रूपात टिकली नाही. पनवेलजवळच्या कोनची अशीच भाड्यासाठी बांधलेली घरं पुढे गिरणी कामगारांच्या सोडतीत गेली, दोन खोल्यांचं एक करून.

गिरणी कामगारांवरून आठवलं. मुंबईच्या गिरणगावात चाळ आणि गिरणी यांच्यामध्ये अंतर होतं भोंगा ऐकू येईल एवढं. खोलीत दहा-दहा माणसं, पाळीपाळीने झोपायची, ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. पण अंतर शून्य होतं. 1982 चा संप झाला, गिरण्या गेल्या, जमिनींवर टॉवर उठले, आणि चाळीस वर्षांनी त्या कामगारांना सरकार म्हणालं, तुम्हाला घर शेलू आणि वांगणीला. म्हणजे कर्जतच्या वाटेवर. त्यांनी नको म्हटलं. 2025 च्या जुलैत आझाद मैदानावर जमले आणि मुंबईतच द्या म्हणून बसले. पुष्कळांना ते हट्टी वाटले. मला वाटतं आयुष्य भोंग्याच्या अंतरावर काढलेल्या त्या म्हाताऱ्यांना अंतराची किंमत आपल्यापेक्षा नीट कळली होती.

आणि भुसावळ? आमच्या खान्देशातलंच आहे. रेल्वेने तिथे यार्ड, शेड, कार्यालयं उभी केली तेव्हा माणसांसाठी क्वार्टरही बांधली. लाल विटांची, पुढे अंगण, निंबाचं झाड. वरणगावला आयुध निर्माणीची वसाहत. माझे मामा रेल्वेत फिटर होते. डबा घेऊन सायकलवर दहा मिनिटांत शेडला जायचे, दुपारी जेवायला घरी यायचे. निवृत्त होताना त्यांच्याकडे स्वतःचं घर नव्हतं. मिळालेल्या पैशात त्यांनी सावकाश, गावाकडे, हवं तसं बांधलं. त्या काळी कामगाराला कामाजवळ ठेवायचा खर्च कामावर घेणारा करत असे. आज तोच खर्च माझ्या भावाच्या अंगावर आहे आणि आपण त्याला त्याचं ‘स्वतःचं घर’ म्हणून टाळ्या वाजवतो. दादरच्या त्याच्या मालकाने कधी विचार तरी केला असेल का की या माणसाचे आपण त्याच पगारात दिवसाचे साडेतीन तास फुकट घेतोय?

अर्धा खान्देश सुरतेला जातो, त्यांच्याकडे बघा. उधना, लिंबायत. खोल्या कोंदट, गल्लीत पाणी, यंत्रांचा खडखडाट रात्रभर. पण माग आणि खोली जवळ. माझ्या गावातला सुरतेचा माणूस पाळी संपल्यावर पंधरा मिनिटांत घरी असतो. त्याचं घर बदलापूरच्या माझ्या चुलतभावाच्या घरापेक्षा वाईट आहे, आणि त्याची पोरं त्याला जास्त ओळखतात. यातून सुरतेला जा असं मला सुचवायचं नाही, तिथल्या खोल्यांत राहून बघा म्हणजे कळेल.

स्वस्त लांबचं घर कधी कधी पाण्याचंही असतं. उल्हास नदीने 26 जुलै 2005 ला बदलापूर बुडवलं. 27 जुलै 2019 ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींनी काढावे लागले. त्याच नदीकाठच्या तळमजल्याचे फ्लॅट ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून विकले जातात. आपली माणसं ते घेतात. पांझरा आणि बोरी या आमच्या नद्यांना उन्हाळ्यात कोरडं बघत मोठी झालेली माणसं, पाण्याजवळचं घर त्यांना शुभ वाटतं.

म्हणून कल्याण-बदलापूर पट्ट्यात नव्या टॉवरला परवानगी देताना गाडीची जागा मोजा, असं मला वाटतं. पाणी किती मिळेल हे विचारतात (विचारून काही होत नाही, टँकर येतच राहतात), तसं सकाळच्या गाड्यांत जागा किती आहे हेही विचारा. 2001 मध्ये कुळगाव-बदलापूरची वस्ती लाखाच्या आत होती, 2011 मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्यानंतर जनगणना झालेली नाही, पण सकाळी सातला पुलावर उभं राहिलं की मोजायची गरज उरत नाही. माणसं दुप्पट करायची आणि रूळ तेच ठेवायचे, याला शहर वाढवणं म्हणत नाहीत.

आणि दुसरी मागणी मुंबईकडे करून उपयोग नाही, ती आपल्याकडेच. 1945 मध्ये तेलाची एक कंपनी अमळनेरला सुरू झाली. आज ती विप्रो आहे आणि तिचं मुख्यालय बंगळुरूला. ओट्यावर आम्ही हे अभिमानाने सांगतो, आणि त्याच ओट्यावरचं पोरगं बदलापूरच्या बुकिंगला निघतं. अमळनेर, धुळे, चाळीसगाव, जळगाव, प्रत्येक गावाला एक बंद पडलेली कापड गिरणी आहे. त्या जागांवर काय उभं राहिलं किंवा राहिलं नाही ते प्रत्येकाने आपल्या गावात बघावं. महामार्गाला लागून बिनशेती (एनए) प्लॉटचे दगड तेवढे रोवले जातायत. ‘स्टेशनपासून 5 मिनिटं’ ही मुंबईची ओळ आता पारोळा रस्त्यावरच्या फलकावर वाचायला मिळते. कुठलं स्टेशन, आणि त्यावरून कामाला जायचं कुठे, ते फलकावर नाही.

यंदाच्या कानबाईला भावाने ओट्यावर नेहमीचा भाव सांगितला. बाकीचे उठल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “दादा, काढून टाकू म्हणतो. गुडघे गेले. जिना होत नाही.” सत्तावीस येत होते, त्याला तीस पाहिजे होते. तेवढ्यात समोरच्या गल्लीतला पोरगा आला. कुर्ल्याला कुरियरमध्ये लागलाय, लग्नाचं बघतायत. मघाशी ओट्याच्या कडेला बसून तो सगळं ऐकत होता. त्याच्या वडिलांचे नाल्याकाठचे सव्वादोन एकर आहेत, मी त्या शेतात हरभरा खाल्लाय.

“काका,” तो माझ्या भावाला म्हणाला, “तुमनी बिल्डिंगमा एखादं घर निघस का?”

भावाने माझ्याकडे बघितलं आणि मग त्याला खुर्ची दिली.